सराफ्यात सोडलेला हात

अंगणवाडीत ती डॉक्टरबाई आली नसती, तर मी सुखात राहिले असते. पोरांना खिचडी मिळते तशी आयांना कधीमधी अक्कल मिळते, तसलाच तो कार्यक्रम होता. बाईंनी भिंतीवर दोन चित्रं लावली, दोन मुलांच्या मेंदूंची. एक भरदार अक्रोडासारखा, दुसरा त्याच्यापुढे आक्रसलेला.

"पहले दो-तीन साल में दिमाग सबसे तेज़ बनता है," त्या म्हणाल्या. "उसी समय भूख और डर, दोनों उसका नुकसान करते हैं."

पुढे त्या बरंच काही बोलल्या. बायका माना डोलावत होत्या, हसतही होत्या. मला काही ऐकू आलं नाही. माझे कान 'भूक' या शब्दापाशीच अडकले होते आणि मांडीवर पियूष बसला होता.

पियूष माझा एकुलता एक. लॉकडाऊन लागलं आणि हा जन्मला. त्याचे बाबा, रामकृष्ण, लग्नाच्या मांडवात लायटिंग करतात. लग्नं बंद, म्हणजे दुसऱ्यांच्या मांडवाबरोबर आमच्या घरातही अंधार. माझं दूध आटलं. भाताच्या पेजेत गूळ कालवून मी त्याला पाजत होते, आणि पेज दिवसेंदिवस पातळ होत होती. उष्टावणाला खीर नव्हती, साखरेचं पाणी बोटाने चाटवलं. तो रडायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायची, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पुढे कामं सुरू झाली, गडी गुबगुबीत झाला, आणि मला वाटलं, सुटलो. आता कळलं की बाहेरून भरला, आतलं कोणी पाहिलंय?

त्या दिवसापासून मी त्याला तपासायला लागले. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली चिंचोका लपवायचा, आणि विचारायचं, कुठे आहे? डब्यात किती बटाटे? काल भाजी कोणती होती? उत्तर बरोबर आलं की वाटायचं, ठोकून दिलं असेल. चुकलं की पुन्हा विचारायची. शेजारच्या शकुमावशींची नात अपूर्वा त्याच्याहून लहान, ती दहापर्यंतचे पहाडे घोकते. तिला पाहिलं की माझा जीव जळायचा. सोन्यासारखी पोर, तिचा मी राग राग करायची.

मग पियूष हळूहळू कमी बोलायला लागला. वाटीकडे बघण्याआधी तो माझ्या तोंडाकडे बघायचा. येत असलेले रंगसुद्धा चुकायला लागला. मला धडकी भरली. बाईंनी दाखवलेलं ते दुसरं चित्र मला त्याच्या कपाळाआड दिसायला लागलं, जेवतानासुद्धा.

"तू त्याले काहून एवढा तरास देऊन राहिली, शैलजा?" शकुमावशी म्हणाल्या. "पोट्टं तुले पाहून दचकते."

"शाळेत टाकाचा आहे मावशी. आताच पाहून घेतलेलं बरं."

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या मनाने त्या संध्याकाळी जे चिंतलं, ते वैऱ्यालाही सुचलं नसतं. मंगळसूत्र तुटलं होतं, ते ओवून घ्यायला मी पियूषला घेऊन सराफ्यात गेले. परत निघालो तेव्हा मनात आलं, सराफा ते दीक्षितपुरा, आपलं घर, हा रस्ता याच्या रोजच्या पायाखालचा. ज्याचं डोकं शाबूत आहे ते पोर इथून घरी जाईल. खोव्याच्या जलेबीच्या दुकानासमोर मी त्याचा हात सोडला आणि पलीकडच्या ठेल्यामागे जाऊन उभी राहिले. नजर त्याच्यावरच होती, असं मी स्वतःला बजावत होते.

तो हलला नाही. जा ना रे, मी मनात म्हणत होते, डावीकडे वळ. तेवढ्यात बारात आली. ढोल, घोडी, डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, आणि सगळी गल्ली भिंतीला चिकटली. बारात पुढे सरकली तेव्हा दुकानासमोर पियूष नव्हता.

घरी निघाला असेल, असं वाटून मी धावले. वाटेत प्रत्येक पोराची मान वळवून पाहिली. दाराला कुलूप तसंच होतं. शकुमावशींकडे नव्हता. रामकृष्णला फोन केला, तर ते नुसते "हात सोडला काहून? हात सोडला काहून?" एवढंच विचारत राहिले. मी फोन ठेवला. नाली पाहिली, मंदिराच्या पायऱ्या पाहिल्या, अनोळखी माणसांना विचारलं, "पीली शर्ट, पाच साल का?" आणि मनात एकच घोळत होतं, याला आपलं नाव तरी सांगता येईल का? घरचा पत्ता? मीच म्हणत होते ना, याला काही येत नाही.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. परत सराफ्यात आले तर जलेबीवाला हात करून बोलावत होता. पियूष त्याच्या दुकानाच्या पायरीवर होता, काउंटरच्या आड. बारातीत चेंगरेल म्हणून त्यानेच याला आत ओढून घेतलं होतं.

"कब से बोल रहा हूँ, बैठ जा बेटा," तो म्हणाला. "बैठता ही नहीं. बोलता है, हिलना नहीं है."

पियूषची चड्डी ओली होती. मी धरलेला हात त्याने अजून तसाच थोडा वर धरला होता. त्याच्या डोळ्यांत एकही आसू नव्हता, आणि याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"घरी काहून नाही गेला रे? रस्ता नाही आठवला?"

"आठवला ना. डावीकडे, मग हँडपंप."

"मग?"

"तू ठेल्याच्या मांगं छुपली होती. मी पाहिलं." त्याने ठेल्याकडे बोट दाखवलं. "तू परीक्षा घेऊन राहिली होती ना. काय कराचं ते तू सांगितलंच नाही."

मी खालीच बसले, रस्त्यावर. डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, भूक आणि भीती. भूक तर आमच्या घरातून कधीच गेली होती. दुसरी मी रोज, वाट्या पालथ्या घालून, त्याला आपल्या हाताने वाढत होते.

त्याला कडेवर उचललं. एवढा मोठा मुलगा, तरी आला. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत शिरेपर्यंत त्याचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं, थांबेचना. मी पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणत राहिले, झालं, आता काही नाही विचारणार. दाराशी त्याला खाली ठेवून मी कुलूप काढायला लागले, तर त्याने माझा पदर ओढला. नेहमीसारखं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी पास झालो का?"