चिंचेखालचे वाफे

वाटणीत शेत थोरल्या जगदीशकडे गेलं आणि घर व मागचं परस रोहिदासकडे आलं, तेव्हा कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. रोहिदासचे हातपाय धड होते. सावद्याला केळीच्या गाड्या भरायला जायचा, आठवड्याने चोपड्याच्या बाजूला डोंगराखालच्या आपल्या गावी यायचा. मग एकदा गाडी उलटली. तो घरी आला तो खाटेवरच. कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं.

त्याच्या बायकोला, हेमलताला, त्याला टाकून लांबच्या मजुरीवर जाता येईना. रेशनचे गहू-तांदूळ मिळत, पण त्यांच्याबरोबर खायला काही नसे. मिरची वाटून किती दिवस काढणार? तिने परसात भाजी लावायचं ठरवलं. अडचण एकच. परसावर जुनी, घेरदार चिंच होती आणि दिवसभर तिची सावली हटत नसे.

पावसाच्या आधी ती राख घेऊन परसात बसली आणि वाफ्यांच्या रेघा ओढू लागली. चिंचेखाली खाटेवर पडलेला रोहिदास कितीतरी दिवस कोणाशी बोलला नव्हता. तिचं पाहून म्हणाला, "तठे नको. तठे दिवसभर ऊन येत नाही. मी दखस ना रोज."

मग खाटेवरून रोज पाहिलेलं ऊन तो सांगत गेला आणि ती रेघा पुसून नव्या ओढत गेली. सकाळी धुण्याच्या दगडाजवळ थोडं ऊन पडतं, तिथे मेथी. भिंतीकडे तिसऱ्या प्रहरी येतं, तिथे वांगी. बुंध्याजवळ कधीच येत नाही, तिथे अळू, हळद, सुरण. गिलक्याचा वेल चिंचेवर चढवायचा. तो आपलं ऊन आपण शोधील. दोघांनी मिळून असं काही ठरवायची अपघातानंतरची ही पहिलीच वेळ होती. हेमलताला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पाऊस लागला. अळू माजलं, हळदही रुजली. पण मेथी पिवळी पडून सडली, वांग्याची रोपं लांबट होऊन लवली. गिलक्याला नुसती पानंच आली. भादव्यात रोज अळूच शिजू लागलं. चिंच घालूनही घसा खवखवे. रोहिदास दोन घास खाऊन ताट सरकवायचा. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, "चिंच तोडी टाक."

"मंग तुम्हनी खाट कोठे टाकू?"

"घरमा."

"घरवर पत्रा शे. उन्हाळामा कसं व्हई?"

"सावली खाईसन पोट भरस का?" तो चिडून म्हणाला. मग आवाज खाली आणत म्हणाला, "तोडी टाक वं."

शेजारचा बिजला कुऱ्हाड घेऊन आला. झाड पडेपर्यंत रोहिदासने भिंतीकडे तोंड केलं होतं. हिवाळ्यात परस उघडं पडलं आणि काय मेथी आली, काय पालक! रोहिदास दोन्ही वेळा जेवू लागला. चेहऱ्यावर जरा रक्त आलं. आपण केलं ते बरंच केलं, असं हेमलता स्वतःला सांगत राहिली.

चैत्र उजाडला आणि खानदेशचं ऊन पत्र्यावर उतरलं. हेमलता ओली लुगडी दारावर टांगायची, अंगणात पाणी मारायची, टॉवेल भिजवून त्याच्या अंगावर टाकायची. वैशाखात पत्रा हात लावू देईना. एका दुपारी रोहिदासला घाम येईनासा झाला, अंग निखाऱ्यासारखं तापलं. तो काहीबाही बोलू लागला, केळीच्या गाडीला हाका मारू लागला. बिजलाने रिक्षा आणली. चोपड्याच्या अलीकडेच त्याची मान हेमलताच्या मांडीवर कलली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. पाऊस पडल्यावर काय करायचं हे न सुचून तिने पुन्हा वांगी लावली. उघड्या जमिनीत ती अशी फळली की झाडं वाकली. हिरवी, टपोरी, भरताची वांगी.

बिजलाची बायको दारावरून जाताना थबकली. "यंदा लई आली वं."

"ने," हेमलता म्हणाली. तिने सूप भरलं आणि तोडलेली सगळीच वांगी त्यात भरत राहिली. "बठ्ठी ने. मले एकलीले किती लागस?"

सूप तिच्या हाती देऊन ती आत गेली. चूल पेटवायची होती. तिने एकटीपुरतं पीठ परातीत घेतलं.