मुशीतली राख

अनुमान: मॅग्नेशियम जळल्यावर वजन वाढते.
(हे हिंमतराव मास्तरांनी फळ्यावर आधीच लिहून टाकले. प्रयोग व्हायचा होता.)

उद्देश: वरचे सिद्ध करणे.
खरा उद्देश: नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी या नव्या हायस्कुलाला विज्ञानाचा वर्ग मंजूर करावा. नाही केला, तर हिंमतराव परत उंद्रीला, पहिलीच्या पोरांपुढे.

साहित्य: चिनी मातीची मूस, झाकण, चिमटा, स्टो, काचेच्या पेटीतला तराजू, मॅग्नेशियमची फीत.
साहित्यात न धरलेले: हेडमास्तर महादेवराव. संस्कृत शिकवतात. शंकराची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.

कृती: रिकामी मूस लाल होईस्तोवर तापवली, थंड केली, तोलली. फीत घालून पुन्हा तोलली.

"कितीदा तोलता, मास्तर? सोनं हाय का?"

"हात नका लावू, महादेवराव. चिमट्यानंच धरावी लागते."

मूस स्टोवर. झाकण मधूनमधून किंचित उचलायचे. हवा आत जावी, धूर बाहेर पडू नये. फीत जळाली. स्टो बंद. आता थांबायचे, कारण गरम मूस तोलली की तराजू खोटे बोलतो. तेवढ्यात हिंमतराव साहेबांना दाखवायला मुलांच्या वह्या आणायला गेले.

आले.

निरीक्षण: वजन घटले.

पुन्हा तोलले. घटलेलेच.

"मास्तर," साहेब म्हणाले, "फळ्यावर वाढतंय. इथे कमी होतंय."

हिंमतरावांनी घाम पुसत वर पाहिले. महादेवरावांच्या कपाळावर तीन पांढरे पट्टे. आणि साहेबांच्याही! साहेब सकाळीच शेगावला दर्शन घेऊन आले होते. हेडमास्तरांची बोटे पुढे आली तेव्हा त्यांनी सवयीने डोळे मिटले होते.

"महादेवराव, हे काय लावलं?"

"मुशीतलीच राख. काय शुभ्र हाय! मले राहावलं नाही. साहेबांनाही लावली."

सांगावे तर साहेबांच्या कपाळाकडे बोट. न सांगावे तर उंद्री.

"साहेब, वजन वाढलेलंच आहे. त्यातलं थोडं तुमच्या कपाळावर आहे."

साहेबांनी तराजूच्या काचेत वाकून आपले कपाळ पाहिले.

"मंग खरडून टाकू ना परत!" महादेवरावांनी कपाळाला नख लावले.

"नका! घाम येईन त्यात. घामाचं वजन कोण वजा करन?" साहेबांपुढे आहोत हे विसरून हिंमतराव वऱ्हाडीत ओरडले.

साहेब पहिल्यांदाच हसले. "हे मात्र शास्त्रीय बोललात. मूस स्वच्छ करा. पुन्हा."

कृती, दुसऱ्यांदा: तीच. साहेबांनी हात खिशात ठेवले. महादेवरावांना बाहेर बसवले.

निरीक्षण: वाढले.

"वर्ग मंजूर," साहेब म्हणाले. "अट एकच. प्रयोग चालू असताना हेडमास्तर दाराबाहेर."

"हाव, कबूल," दारापलीकडून आवाज आला. "पण मास्तर, पुढच्या खेपेले मुशी दोन ठेवा. एक तोलाले, एक लावाले."