आपल्याच गावचे डास

ओगोला बारा वर्षांनी नॉर्वेहून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या आपल्या गावी आला, तो घर बांधायला. बापाच्या आवारात स्वतःचं घर उभं केल्याशिवाय पुरुष पुरता पुरुष ठरत नाही, ही रीत तो बर्फातही विसरला नव्हता. थोरली बहीण आपोंडी हरखून गेली. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. तो पुन्हा गावचा व्हावा, एवढंच तिला हवं होतं. पण माया पोटात असली तरी तिच्या जिभेला हाड नव्हतं.

पहिल्याच रविवारी अंगण पाहुण्यांनी भरलं. ओगोलाने खिशातून गोळी काढली.

"कसली रे ती?"

"मलेरिया होऊ नये म्हणून, ताई. रोज घ्यायची असते."

"ऐका! ह्याला आपल्याच गावचे डास सोसेनात! अरे, लहानपणी सकाळी तापायचास नि दुपारी पोहायला पळायचास. तिकडं रक्तबिक्त बदलून घेतलंस की काय, गोरेसाहेब?"

पाहुणे पोट धरून हसले. ओगोलाही ओशाळं हसला. मग सगळ्यांदेखत त्याने गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली. मच्छरदाणी ताईच्या वाळत घातलेल्या मासळीवर पांघरायला दिली. भाऊ परत मिळाला, असं आपोंडीला वाटलं.

भिंती छातीपर्यंत आल्या आणि त्याला ताप भरला. त्याच दिवशी तिचा नातूही तापला. "गावचाच ताप," म्हणत तिने दोघांना कडुनिंबाचा काढा पाजला. नातू उठून चेंडूमागे धावू लागला. ओगोला मात्र बहिणीला ओळखेना.

इस्पितळात नर्स तिच्यावर उखडली. "इतका उशीर?"

"आम्हाला कुणाला काही होत नाही, बाई. त्याचं-माझं रक्त एकच."

"रक्त एक असून काय करायचंय, मावशी? तुम्हाला डास रोज चावतात, म्हणून तुमचं अंग लढायला तयार असतं. रोजच्या विळ्याची धार टिकते. ह्यांचा विळा बारा वर्षं खुंटीला होता."

संध्याकाळी तो गेला.

त्याच रीतीप्रमाणे, स्वतःच्या घराविना मेलेल्या पुरुषाला पुरताही येत नाही. गावाने घाईघाईने खांब रोवून अर्ध्या भिंतींवर पत्रे ठोकले आणि तिथेच अंगणात खड्डा खणला. मेल्यावर माणसाचं घर किती पटकन उभं राहतं!

ओगोलाची बायको अकेयो हिचा नॉर्वेहून फोन आला. "वन्सं, गोळ्या घेत नव्हते का हो ते? मी स्वतः बॅगेत भरल्या होत्या."

त्या रविवारचे सगळे पाहुणे समोर बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या.

"विसरायचा गं," आपोंडी म्हणाली. "मी रोज हातावर ठेवायचे. तरी विसरायचा."

पलीकडे अकेयो रडू लागली. "तुम्ही होतात म्हणून, वन्सं," ती म्हणाली. "नाहीतर तिथं त्यांची काळजी कुणी घेतली असती?"