घडीच्या दस्त्याची बंदूक

आजोबा गेले, आणि उन्हाळाभर नेवाडाच्या डोंगरात हिंडणारी त्यांची गाडी, मेंढपाळाचं चाकांवरचं घर, लोरेयाच्या परसात येऊन थांबली. आत अजून लोकरीचा आणि निखाऱ्यात पुरून भाजलेल्या पावाचा वास होता. तान्ह्या एनाराला मांडीवर घेऊन लोरेया तिथं बसायची. बाहेर अ‍ॅस्पेनची पानं सळसळली की वाटायचं, गाडी चालतेच आहे, हळूहळू, वर, बर्फाकडे.

निजायच्या फळीच्या वर आजोबांची बंदूक टांगलेली होती. तिचा दस्ता बिजागरीवर दुमडून नळीला टेकलेला. पंखात चोच खुपसून पाखरू झोपावं तशी. एवढ्याशा गाडीत अख्खी बंदूक आडवी यायची, म्हणून त्यांनीच तो बसवून घेतला होता. एका हिवाळ्यात नळीच्या तोंडात बर्फ अडकून ती फुटली, तेव्हा फुटका भाग त्यांनी करवतीनं कापून टाकला होता.

लोरेयाचा भाऊ बेन्यात गाडी झाडायला आला आणि बंदूक पाहून त्यानं झाडू खाली ठेवला. त्यानं मोजायची फीत लावली. नळी पंधरा इंच. सोळा इंचाच्या आतल्या नळीची बंदूक कायद्यात वेगळ्या जातीची. आधी सरकारी परवानगी नसेल तर ती घरात असणं हाच गुन्हा, आणि मागाहून कागद करून तो पुसला जात नाही. शिवाय घडी घातल्यावर सगळी मिळून कायद्याला लागणारे सव्वीस इंचही भरत नव्हती.

"तुझ्या पदरात लेकरू आहे, लोरे," तो म्हणाला. "रविवारी मी हिला तळ्यात सोडतो."

तिला नाही म्हणता येईना. पण आजोबांच्या हातानं घासून जे गुळगुळीत झालं होतं, ते लाकूड पाण्याखाली जाणार या विचारानं ती रात्री उशिरापर्यंत त्यावरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सबाईंनी एनाराला फळीवर निजवलं. पोर मुटकुळं करून पडलेली. बाईंनी गुडघे अलगद दाबून पाय सरळ केले आणि मग मोजलं. मुटकुळ्याची उंची कोण धरतं, म्हणून हसल्या. लोरेयाला दुमडलेला दस्ता आठवला. तिथून ती थेट गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या डार्लीनकडे गेली.

"कायदाही असंच मोजतो, पोरी," डार्लीन म्हणाली. "दस्ता उघडून. आणि नळी बाहेर दिसते तेवढीच नसते, थोडी आत शिरलेली असते. बंदूक रिकामी आहे ना ते बघ, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं दार, मीट, तोंडातून काठी सोड. टेकली की तोंडाशी काठीवर खूण कर आणि तिथवर मोज."

रविवारी बेन्यात कमरेवर हात ठेवून उभा होता. तुरुंगात डबा डार्लीन आणणार का, म्हणून त्यानं विचारलंही. लोरेयानं दस्ता उघडला. पाखरानं झोपेत पंख पसरावा तसा तो सावकाश सरळ झाला. सव्वीसच्या कितीतरी पुढं. मग तिनं काठी सोडली. विहिरीत दोर जावा तशी ती अंधारात उतरत गेली, आणि खोल कुठंतरी टेकली. तिनं नखानं खूण धरली आणि काठीला फीत लावली.

सोळा, आणि वर करंगळीचं पेर.

बेन्यातनं पुन्हा मोजलं. मग फळीवर टेकून बसला. "म्हातारा करवत लावायच्या आधी मोजून बसला होता तर," तो हळूच म्हणाला. "कुलपात ठेव हं. एनारा आता रांगायला लागेल."

बंदूक कुलपात गेली. काठी मात्र लोरेयानं निजलेल्या एनाराशेजारी ठेवली आणि तिचा एक पाय अलगद सरळ केला. पोरीनं झोपेतच तो पुन्हा पोटाशी ओढून घेतला.