कोहक्यात गारा पडल्या नाहीत

माझी बायको कांता गेली त्या दिवशी आमच्या कोहका वस्तीत गारा पडल्या नाहीत. माझ्या दारात जमलेली माणसं हळू आवाजात त्याचंच बोलत होती. पलीकडच्या जुनवानीत लिंबाएवढ्या गारा पडल्या, गाड्यांच्या काचा फुटल्या, आणि आपल्याकडे एक गार नाही. हवा सांगणाऱ्या बादल महाराजांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तसंच झालं.

मी ओट्यावर बसलो होतो. चार वाजता आमच्या गच्चीवर वीज पडली होती आणि कांताला अजून दवाखान्यातून आणायचं होतं. शेजारचा बाबुलाल खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवीदासभाऊ, लय वाईट झालं. पण गारायचं महाराजानं म्हटलं थे खरं निघालं."

"आन् विजेचं?"

"विजेचं त्यायनं काही म्हटलंच नव्हतं."

हे बरोबर होतं.

महाराज रोज संध्याकाळी फोनवर बोलका निरोप पाठवायचा. प्रत्येक वस्तीचा गट वेगळा. आदल्या दिवशी आम्हाला आलेला निरोप असा होता: "कोहकावालो, काबूल से एक बादल चला है, बंगाल की खाडी से दूसरा. दोनों से मेरी बात हो गई है. कल पाच बजे तक आसमान मेरा, एक गार नहीं गिरेगी. छत पे जो सुखाना है, सुखाओ."

आमच्या घरात देवाचा फोटो नाही. बावीस प्रतिज्ञा मी दीक्षाभूमीवर उभं राहून म्हटल्या आहेत. पण हा देवाचं बोलत नव्हता, हवेचं बोलत होता. मी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात, चौतीस वर्षं काढली. कोणी हवा, दाब, तापमान म्हटलं की मला तो माणूस शिकलेला वाटतो. त्यामुळे वाळवणाच्या कुरोड्या कधी घालायच्या हे वस्तीतल्या बायका महाराजाच्या निरोपावर ठरवू लागल्या तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गारा बांधण्यासाठी गच्चीच्या कठड्याला कारखान्यातला एक बोल्ट काळ्या दोऱ्यानं बांधायचा होता. "लोहा तुम्हारे हाथ का, बंधन मेरा," असं तो म्हणे. आमच्या कठड्यालाही बोल्ट होता. मीच बांधला होता.

कांताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि जवळची माणसं सतरंजीवर बसून राहिली. कांताचा भाऊ प्रेमानंद सेक्टर दहाहून आला होता. तिची मैत्रीण कलावती जुनवानीहून.

कलावती म्हणाली, "आमाले तं त्यानं उद्या नाही, परवा गारा म्हटलं होतं. अन् दुसऱ्याच दिवशी पडल्या. विचारलं तं म्हणे, तुमच्या गल्लीत कोणीतरी शंका घेतली. मले वाटलं मीच घेतली असन. म्हून कोणाले बोलली नाही."

"आमाले तीन वाजता गारा सांगितल्या होत्या," प्रेमानंद म्हणाला. "नुसती धूळ आली. मंग म्हणे, मी वळवल्या. आम्ही नारळ देऊन आलो."

माझी मुलगी सुजाता शाळेत भूगोल शिकवते. ती ताटं उचलत होती. तिनं ताटं खाली ठेवली. "मामा, तुमचा फोन द्या. मावशी, तुमचा. बाबुलालकाका, तुमचाही."

तिनं तिन्ही फोन सतरंजीवर ओळीनं मांडले आणि वीज पडली त्याच्या आदल्या संध्याकाळचे निरोप एकामागून एक लावले. एकच आवाज. काबूल तेच, खाडी तीच. फक्त वस्तीचं नाव आणि गारांची वेळ बदलत होती. निरोप आल्याची वेळ सात सोळा, सात अठरा, सात एकवीस. तिन्हींत मागे कुकर शिट्टी देत होता.

"गारा सांगितल्या अन् नाही पडल्या, तर त्यानं वळवल्या," सुजाता म्हणाली. "नाही सांगितल्या अन् पडल्या, तर तुमी शंका घेतली. राहिलं एक, थे खरं निघालं. हा हरते कधी, सांगा."

"पण कोहक्याचं बरोबर निघालं ना पोरी," बाबुलाल म्हणाला.

प्रेमानंद म्हणाला, "बाबुलाल, तिघायले तीन गोष्टी सांगितल्या तं एक बसनच. सट्टा खेळत होता तवा तुले हे बराबर समजत होतं."

बाबुलालनं फोन उचलून खिशात टाकला.

"मंग त्याले काबूल, खाडी हे कसं माहीत?" कलावतीनं विचारलं.

"थे खोटं नाही, मावशी. पश्चिमेकडून कोरडी हवा येते, खाडीकडून ओली, खाली जमीन तापलेली. हे अख्ख्या देशाच्या नकाशावर दोन-तीन दिवस आधी दिसते. हवामान खातं जिल्ह्याले इशारा देते, हा थोच वाचते. पण गार कोणत्या गल्लीत पडन, हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. गारांचा पट्टा लहान असते. रडारवर दिसते तवा तासभर हातात असते. म्हून फोनवर इशारा येते."

कलावती म्हणाली, "त्या बोल्टानं ओढली का वं वीज?"

"नाही. बोल्टानं ओढली नाही अन् अडवलीही नाही. आई गडगडाटात उघड्यावर होती. एवढंच."

मग सुजाता चहा करायला आत गेली. चहा आधीच झालेला होता.

आता ठाण्यात तक्रार द्यायची आहे. तिन्ही वस्त्यांतले लोक सही करतो म्हणतात, बाबुलालसुद्धा. तोवर मला एवढंच सांगायचं आहे. ढगाशी कोणाचं बोलणं होत नसतं. गडगडाट ऐकू आला की घरात या, झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जाऊ नका. कुरोड्या भिजल्या तर भिजू द्या.

त्या दिवशी तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्याही फोनवर इशारा आला होता. पुढच्या तासाभरात विजा पडतील, असं लिहिलं होतं. मी तो वाचला. कांता कुरोड्या आणायला रिकामं टोपलं घेऊन गच्चीच्या जिन्यात उभी होती. "आभाळ आलं जी, जाऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "जाय ना. पाचपर्यंत मोकळं आहे."

हे तक्रारीत लिहायचं राहिलं आहे. सुजाताला सांगायचंही राहिलं आहे.