उलट्या सिंहांचं नाणं

मी पाच रुपयांचं एक जुनं, पिवळं नाणं आहे. पण मित्रांनो, माझ्यावर पाचाचा आकडा शोधू नका. तो कुठेच नाही. माझ्या एका बाजूला सिंह आहेत आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच आहेत, फक्त ते उलटे आणि आत खोल गेलेले.

हे असं का, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी वाताहत त्यातूनच झाली. टांकसाळीत माझ्या आधीचं नाणं छाप उठवणाऱ्या ठशालाच चिकटून बसलं. ते काढायच्या आत माझ्यावर ठोका पडला आणि त्या नाण्यावरचे सिंह माझ्या अंगात रुतले. मी जन्मतःच चुकलेला आहे, ठेचून किंवा चिरडून असा झालेलो नाही. लोकांना हा फरक ठाऊक नसतो, आणि ठाऊक नसताना बोलायची त्यांना भारी हौस असते.

बँकेतून आणलेल्या सुट्ट्या नाण्यांच्या पिशवीतून मी लंकाबाईच्या हाती आलो. ती मखमलाबादची, शेतातली शेवंती नाशिकच्या बाजारात विकणारी. तिचा नवरा वाळू सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. मला तळहातावर घेऊन तो लहान मुलासारखा हसला. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मला घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवत बसला.

फोरमन धनराजने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, हे वाळूनेच केलंय. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये आवळली की एकाचा छाप दुसऱ्यात उतरतो. मोबाईलवर अशी नाणी लाखाला विकायचे धंदे चालतात, हा त्यातलाच. लोखंड आवळून धरणारा तो वाइस दिवसभर वाळूच्याच हाताखाली असायचा. वाळूची बोबडी वळली, तेव्हा 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणत चौघांनी माना डोलावल्या. महिन्याभरात त्याचं काम गेलं. गावातली पोरंसोरं त्याला 'खोटं नाणं' म्हणू लागली. मी त्याच्याच खिशात होतो, पण मुक्याची साक्ष कोण घेणार.

वाळू शेवंतीत राबू लागला, पण चार माणसांत बसणं त्याने सोडलं. दोन वर्षांनी तो काविळीने गेला. जाताना लंकाबाईला एवढंच म्हणाला, "म्या नाय दाबलं गं. ते तसंच आलं होतं."

तिने मनाशी ठरवलं. कुणातरी जाणकाराकडून हे लिहून घ्यायचं आणि तो कागद धनराजच्या हातात ठेवायचा. तोवर मला देव्हाऱ्यात, वाळूच्या फोटोपुढे जागा मिळाली.

घरातली लक्ष्मी काळी पडू द्यायची नाही, ही तिच्या सासूची शिकवण. रोज सकाळी देवाच्या भांड्यांबरोबर ती मलाही चिंच आणि विटेची भुकटी लावून घासायची. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. मी सोन्यासारखा चमकायचो. सिंहांच्या आयाळी बोथट होताहेत हे मला कळत होतं, पण मी तिकडे काणाडोळा केला.

नऊ वर्षांनी, तिच्याकडून नेहमी फुलं नेणाऱ्या तेजलने तिला इंदिरानगरात शेखरकडे नेलं. त्याने नाणी पारखण्यात उभी हयात घालवलेली. निघण्यापूर्वी लंकाबाईने मला दोनदा घासलं आणि नव्या फडक्यात बांधलं.

शेखरने मला तोललं, भिंगाखाली धरलं. मग तिला समजेल असं सांगू लागला. टांकसाळीचीच चूक असेल, तर सरळ सिंह ठसठशीत असतात. वाइसमध्ये दाबलं, तर ते चपटे होतात आणि खोलगट बाजूला मूळच्या पाचाचा पुसट माग राहतो. तसा माग इथे दिसत नाही, असं तो म्हणाला, तेव्हा लंकाबाईने हात जोडले. पण सिंह चपटे आहेत, असंही तो म्हणाला.

"मावशी, हे कधी घासलं होतं का?"

"रोज," ती अभिमानाने म्हणाली. "चिंच अन् विटेची भुकटी लावून. नऊ वर्सांत एक दिस चुकला नाय."

शेखरने भिंग खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मग मला काही लिहून देता येणार नाही. सिंह दाबून चपटे झाले की घासून, आणि माग मुळात नव्हता की पुसला गेला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

घरी येऊन तिने मला जागेवर ठेवलं. मग वाळूच्या फोटोकडे पाहिलं.

"तुमचं खरं म्याच घासून टाकलं," ती म्हणाली.

मित्रांनो, वेगळं नाणं हाती आलं, तर त्याला घासू नका, धुऊसुद्धा नका. त्याची दुसरी बाजू पाहा, आणि कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. तोवर कुणावर खोटेपणाचा आळ घेऊ नका.

लंकाबाई आता मला हात लावत नाही. भांडी घासते आणि मला तेवढं वगळते. माझ्यावर काळे डाग पडू लागले आहेत. नऊ वर्षांपूर्वी तिने मला असंच काळं पडू दिलं असतं, तर आज वाळू खरा ठरला असता.