शुक्रवारी भागीरथीबाई वारल्या

कावळा डोक्यावर येऊन बसला तेव्हा गोदावरीबाईंचा उजवा हात मुंगवडीच्या पिठानं भरलेला होता आणि डावा रिकामा होता, तरी त्यांना तो हाकलता आला नाही. गच्चीवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर निम्म्या वड्या घालून झाल्या होत्या. कावळ्यानं त्यांच्या केसांवर दोन पावलं इकडे, दोन तिकडे टाकली, जणू प्लॉट पाहायला आलाय. मग खाली उतरून एक ओली वडी उचलली आणि शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन बसला.

उरलेलं पीठ तसंच टाकून गोदावरीबाई खाली आल्या. सून प्रणाली वह्या तपासत बसली होती.

"मले कावळा शिवला."

"आंघोळ करून घ्या मग, आई."

"शिवला म्हन्जे पंख नाई लागला. बसला. डोक्शावर. बूड टेकवून."

प्रणाली हसली, आणि सासूचा चेहरा पाहून गप्प झाली.

डोक्यावर कावळा बसला की मरण घराभोवती घिरट्या घालतं. त्यावरचा उतारा जुन्या बायांना ठाऊक असतो. माणूस गेल्याची खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. ते खरोखरीचे रडले, की मरणाला वाटतं इथलं काम उरकलं, आणि ते पुढचं दार धरतं. धाकटी जाऊ सुभद्रा, तिच्यावरही असाच कावळा बसला होता. सगळे खो खो हसले, खबर कोणी धाडली नाही, आणि पोळ्याआधी सुभद्रा गेली. हसणाऱ्यांत गोदावरीबाई सगळ्यांत पुढे होत्या.

संध्याकाळी शेखर फुलांचं दुकान बंद करून आला. त्यांनी मुलाला दारातच गाठलं. "अकोल्याले फोन लाव. आत्याले सांग, माय गेली."

"आत्या लगेच व्हिडिओ कॉल करन, माय. अन् कोन किती रडून राहिलं हे पाहाले तूच त्यात डोकावशीन."

हे खोटं म्हणायला जागा नव्हती.

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी वच्छला ही गोदावरीबाईंची नणंद. शेखरच्या लग्नात गोदावरीबाईंनी तिला मानाची साडी दिली होती. वच्छलानं त्या साडीची वाकळ शिवली आणि नातवाच्या बारशाला परत पाठवली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. पण या घरात काय शिजतं आणि काय करपतं हे वच्छलाला बसल्या जागी कळायचं, आणि त्याची सोय प्रणालीनंच करून ठेवली होती.

प्रणाली शाळेत मराठी शिकवायची आणि कादंबरी लिहायची. कादंबरी पुस्तकात नव्हती. ज्यांनी आपला ई-मेल दिला, त्यांच्या मोबाइलवर दर शुक्रवारी सकाळी तिचं एकेक प्रकरण न्यूजलेटर होऊन जाऊन पडे. तिच्यात एक सोशीक सून होती आणि भागीरथीबाई नावाची खाष्ट सासू. नाव बदललं होतं, पण नदीची नदीच ठेवली होती. मंगळवारी गोदावरीबाईंनी मिक्सरचं झाकण भिरकावलं, की शुक्रवारी भागीरथीबाई मिक्सरचं भांडं भिरकावत. गोदावरीबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता प्रत्येक प्रकरण वाचून घेत. खाष्ट म्हटल्याचं त्यांना काही नव्हतं. "झाकन व्हतं," त्या म्हणत. "भांडं फेकाले मी का येडी हाय?"

सगळ्यांत आधी ई-मेल देणाऱ्यांत वच्छला होती. तिच्या लेखी ती कादंबरी नव्हतीच, अमरावतीच्या या घरची खबर होती. वाचून झाली की ती अकोटपर्यंतच्या सगळ्या नात्यागोत्यात पुढे धाडून द्यायची.

पुढचे दोन दिवस घरात नको तितकी शांतता होती. दूधवाल्यानं पाण्यासारखं दूध घातलं, तर गोदावरीबाईंनी ते मुकाट घेतलं. तो बिचारा दोनदा मागे वळून पाहत गेला. कावळा बसल्यापासून त्यांनी घरातसुद्धा डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता.

बुधवारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्रणाली, मले मार."

प्रणालीचं लाटणं थांबलं.

"त्या शुक्रवारच्या गोष्टीत मार, म्हन्तो मी. ते नातेवाईक तेच खरं समजून बसले हायेत. रडतीन कोनी ना कोनी."

"आई, अर्धी कादंबरी बाकी आहे अजून. भागीरथीबाई गेल्या तर सुनेनं भांडायचं कोणाशी?"

"हे आधी सुचाले पायजे व्हतं. मानूस जित्तं हाय तोवर कदर करा लागते त्याची."

"आणि लोक रडणार नाहीत. नाचतील."

"मंग रडतीन असं लिव! लेकरायले मराठी काय शिकवतं मंग?"

गोदावरीबाईंचा हात पुन्हा पदराकडे गेला, तो सारखा आहे की नाही हे चाचपून खाली आला.

"बरं," प्रणाली म्हणाली. "कशी मारू?"

"खाटेवर खितपत नको. अन् जेवता जेवता नको, अन्न वाया जाते. जेवन झाल्यावर. ताट उचलल्यावर."

शुक्रवारी सकाळी शाळेला निघण्याआधी प्रणालीनं प्रकरण पाठवलं. भागीरथीबाई जेवल्या, ताट उचललं, डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. दुपारी ती परत आली तर गोदावरीबाई दारातच बसून होत्या.

"काय म्हन्तात लोकं?"

प्रणालीनं वाचून दाखवलं. सुटली बिचारी सून. लेखिकेनं जरा उशीरच केला. सेमाडोहच्या एका बाईनं पेढ्यांचा फोटो धाडला होता.

"रडलं कोनी?"

"अजून तरी नाही."

"तू? लिवता लिवता?"

"मला शाळेची घाई होती, आई."

गोदावरीबाईंनी मान हलवली. "येवढे लोकं अन् एका डोळ्यात थेंब नाई. वऱ्हाडात पान्याची टंचाईच मोठी." त्या उठल्या, आत जाऊन देवापुढे बसल्या. हात जोडले नाहीत. नुसत्या बसल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासूनच आवाज आला.

"वयनी वोऽऽऽ!"

प्रणाली दाराकडे धावली. गोदावरीबाईंनी तिला मधेच मनगटाला धरून दाराआड ओढलं.

"थांब. रडू दे तिले."

वच्छला पायरीवर बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, डोळे घट्ट मिटलेले. रडता रडता गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, आणि वच्छलाचा आवाज त्या कामाला उणा नव्हता.

"माया भावाचं घर उभं केलं वो वयनी! फुलाच्या गाड्यावर उन्हातान्हात बसली वो! आता माया पिठल्याले नाव कोन ठेवन वो! मीठ कमी पडलं म्हून कोन सांगन वो!"

दाराआड गोदावरीबाई एकेका वाक्याला मान डोलवत होत्या, मोजून घेतल्यासारख्या. पदर खांद्यावर आला होता, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"मी येवढ्या मायेनं वाकळ धाडली वो वयनी, तेबी तुमी..."

"मायेनं?" दार धाडकन उघडलं. "माया मानाच्या साडीच्या चिंध्या केल्या, अन् मायेनं?"

वच्छलानं आधी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"जित्त्या हाय तुमी?"

"तुले वाईट वाटून राहिलं का?"

"अव माय! अकोल्यापासून रडत आली मी यष्टीत! कंडक्टरनं सोताची सीट देली मले!"

"खरंच रडली? पान्यानं?"

"नाई," वच्छला सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली. "धूळ होती."

प्रणालीनं तिला पाणी दिलं, कावळ्याची हकिकत सांगितली. वच्छलानं पाणी पिऊन तांब्या आपटला.

"मंग मले सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं असतं तं रडली असती का तू?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"पण आत्या," प्रणाली म्हणाली, "एवढ्या उन्हात निघण्याआधी एक फोन करायचा. आईंनीच उचलला असता."

वच्छला डब्याच्या फडक्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना.

"हातात घेतला व्हता. नंबर बी काढला." तिनं गाठीला नख लावलं. "दुसऱ्या कोनी उचलला असता तं?"

गोदावरीबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, डबा आपल्याकडे ओढला आणि गाठ दातानं सोडली. आत पिठलं होतं, वर ज्वारीच्या भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेल्या.

गोदावरीबाईंनी भाकरी मोडली, पहिला घास खाल्ला. दोघीजणी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांनी दुसरा घास घेतला. प्रणालीनं हळूच बोट बुडवून चाखलं. पिठल्यात मिठाचा खडाही नव्हता.

गोदावरीबाईंनी तिसरा घास घेतला.

"वयनी," वच्छला घाबरून म्हणाली, "तब्येत बरी हाय ना वो तुमची?"